जातिवंत कुत्र्यांचे डॉग शो: रिंगणात जज नेमकं काय बघतात?

रानवारा

डॉग शोची अंतिम फेरी बघताना दर वेळी तोच प्रश्न पडतो, म्हणून शेवटी धागा काढतोय. रिंगणात सात कुत्री. एका टोकाला ओंजळीत मावेल एवढं पॅपिलॉन, मध्ये माणसाच्या कमरेला लागणारा ग्रेट डेन, पलीकडे केसांनी डोळे झाकलेला ओल्ड इंग्लिश शीपडॉग. जज प्रत्येकाला हात लावून बघतात, चालवून बघतात, मग मधोमध उभं राहून एकाकडे बोट करतात. टाळ्या, अश्रू, मोठा चषक.

कुत्री सुंदर आहेत हे मलाही दिसतं, पण निकाल कळत नाही. शर्यत असती तर घड्याळ असतं. इथे मोजमाप काय? जजना दोन-तीन मिनिटांत जे दिसतं ते मला तासभर बघूनही का दिसत नाही? शोमध्ये काम केलेले किंवा आपली कुत्री रिंगणात उतरवलेले कोणी असाल तर सविस्तर लिहा. लांब लिहिलंत तरी चालेल, वाचायला बसलोय.

कुंपणकाठी

चांगला विषय काढलात. मी शोमध्ये रिंग स्टुअर्डचं काम करते. जजच्या टेबलापाशी उभं राहून वर्ग बोलवायचे, हँडलरच्या, म्हणजे कुत्रं रिंगणात चालवून दाखवणाऱ्याच्या, दंडावरचा नंबर तपासायचा, निकाल नोंदवायचा. त्यामुळे रिंगण फार जवळून बघायला मिळतं.

पहिली गोष्ट म्हणजे जज पॅपिलॉनची तुलना ग्रेट डेनशी करत नाहीत. प्रत्येक जातीचं लिखित ब्रीड स्टँडर्ड असतं. डोक्याचा आकार, कानांची ठेवण, डोळ्यांचा रंग, छातीची खोली, पाठीची रेषा, शेपटी कुठून निघते, केस कसे, उंची किती, स्वभाव कसा आणि चाल कशी, हे सगळं त्यात शब्दांत मांडलेलं असतं. जजच्या मनात त्या स्टँडर्डमधला आदर्श पॅपिलॉन असतो आणि समोरचं पॅपिलॉन त्याच्या किती जवळ पोचलंय हे ते ठरवतात. ग्रेट डेनचंही तसंच. अंतिम फेरीत तुलना होते ती या दोन अंतरांची.

स्टँडर्ड कोण लिहितं हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत त्या त्या जातीचा राष्ट्रीय क्लब लिहितो आणि अमेरिकन केनेल क्लब, म्हणजे एकेसी, मान्यता देतो. ब्रिटनमध्ये ते केनेल क्लबच्या ताब्यात असतं. युरोपातले बहुतेक देश आणि बाहेरचेही अनेक देश एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्य आहेत. तिथे जातीच्या मूळ देशाचं स्टँडर्ड धरतात. म्हणजे जर्मन शेफर्डसाठी जर्मनीचा शब्द शेवटचा, शिबासाठी जपानचा. त्यामुळे एकच कुत्रं एका देशात पहिलं येतं आणि दुसऱ्या देशात मागे पडतं, तेव्हा दोन्ही जज आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

दुसरी गोष्ट, तुम्ही बघता ते जिन्याचं सगळ्यात वरचं पाऊल आहे. सकाळी लहान लहान रिंगणांत एकेका जातीचं परीक्षण होतं. नर आणि माद्या वेगळ्या, त्यातही वयानुसार आणि आधी मिळवलेल्या किताबांनुसार वर्ग. वर्गांतले पहिले आलेले पुन्हा एकमेकांसमोर उभे राहतात आणि शेवटी त्या जातीतलं एक कुत्रं उरतं, तो बेस्ट ऑफ ब्रीड. हे विजेते मग आपापल्या ग्रुपमध्ये, म्हणजे साधारण सारख्या प्रकारच्या जातींच्या गटात, जातात. ब्रिटन आणि अमेरिकेत सात ग्रुप आहेत, एफसीआयमध्ये दहा. ग्रुपचे विजेते बेस्ट इन शोसाठी, म्हणजे अख्ख्या शोच्या सर्वोच्च मानासाठी, येतात. कॅमेरा या शेवटच्या अर्ध्या तासावर असतो, पण जातीच्या दृष्टीनं महत्त्वाचा निकाल सकाळीच लागून गेलेला असतो. तिथे एकाच जातीची वीस-पंचवीस कुत्री शेजारी शेजारी उभी असतात आणि जजच्या डोळ्यांची खरी परीक्षा होते.

निळाई

म्हणजे विजेता सकाळीच 'खरा' ठरतो आणि रात्री फक्त 'मोठा' होतो! हा मुद्दा कधी लक्षातच आला नव्हता.

एक विचारायचं होतं. हे सगळं सुरू कधी झालं? आणि आधीपासून असंच होतं का?

कुंपणकाठी

निळाई, ज्याला पहिला संघटित डॉग शो मानतात तो १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल अपॉन टाइन इथे झाला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारीच्या जाती होत्या आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. ज्यांच्याकडे कामाची कुत्री होती, त्या लोकांनी भरवलेला हा शो. पुढे एकाच कुत्र्याच्या नावानं दुसरंच कुत्रं दाखवणं, वंशावळीत घोळ असे प्रकार वाढले, तेव्हा नोंदी ठेवणारी संस्था हवी झाली. त्यातून १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब उभा राहिला. न्यूयॉर्कचा वेस्टमिन्स्टर शो १८७७ पासून, एकेसी १८८४ पासून, ब्रिटनमधला क्रफ्ट्स शो १८९१ पासून. एफसीआय १९११ ची, तिच्या संस्थापकांत जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स होते.

यामागचा हेतू मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढची पिढी कोणाकडून घ्यायची हे ठरवण्यासाठी शो सुरू झाले. म्हणून एकेसीच्या नेहमीच्या वर्गांत नसबंदी केलेलं कुत्रं चालत नाही, आणि नराची दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत का हे जज हातानं तपासतात. बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं. पण जिथे भावी आई-बाप निवडायचे आहेत तिथे ही तपासणी टाळता येत नाही.

पाऊलखूण

मी डॉबरमन पाळते आणि स्वतःच हँडल करते. रानवारा यांचा दुसरा प्रश्न, जजना काय दिसतं हा, त्यावर लिहिते.

कुत्रं रिंगणात आल्यावर जज आधी लांबून बघतात. तेव्हा कुत्रं चारही पाय योग्य जागी ठेवून स्थिर उभं असतं, त्याला स्टॅक म्हणतात. काही जातींत हँडलर हातानं पाय ठेवतो, काहींत कुत्रं स्वतःहून उभं राहतं. दुरून बाह्यरेषा दिसते. डॉबरमन चौकोनात बसला पाहिजे, डॅक्सहुंड लांब आणि बुटका, ग्रेहाउंडच्या कमरेची कमान वेगळीच. कुत्र्याची नुसती काळी सावली दिसली तरी जात ओळखू यावी, असं कुत्र्यांची पैदास करणारे जुने ब्रीडर म्हणतात. ब्रीड टाइप म्हणतात तो हाच. टाइप नसेल तर बाकी सगळं उत्तम असून उपयोग नाही.

मग हात. लहान जाती टेबलावर घेतात, मोठ्या जमिनीवर. जज दात बघतात. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. बहुतेक जातींत वरचे पुढचे दात खालच्यांना घासून, कात्रीच्या पात्यांसारखे बसले पाहिजेत. बॉक्सर, बुलडॉग अशा जातींत खालचा जबडा पुढे असणंच बरोबर. एकेसीच्या स्टँडर्डमध्ये डॉबरमनचे चार किंवा जास्त दात नसतील तर तो सरळ बाद. दात मोजायला लागतात काही सेकंद, पण परक्या माणसानं तोंड उघडल्यावर कुत्रं शांत राहिलं का, हेही त्याच वेळी कळून जातं. गुरगुरलं किंवा चावायला गेलं तर रिंगणाबाहेर.

नंतर हात मानेवरून खांद्यावर येतात. खांद्याचं पातं किती तिरकं बसलंय, दंडाचं हाड किती लांब, कोपर छातीला चिकटून आहे की बाहेर फेकलंय. बरगड्या किती मागेपर्यंत जातात, कारण हृदय आणि फुप्फुसांना जागा तिथेच मिळते. मागे मांडी, गुडघा आणि हॉक (मागच्या पायाचा घोटा) यांचे कोन. केसाळ जातींत हे हातांशिवाय कळतच नाही. चांगला ग्रूमर केसांच्या कापणीतून पाठीचा खोलगटपणा झाकू शकतो, मान लांब दाखवू शकतो. पूडलच्या किंवा बिशॉनच्या रिंगणात जजची बोटं केसांत खोल जाताना दिसतात ती हाडं शोधायला. टेरियरमध्ये केसांचा पोतही बघतात. तिथे यंत्र न लावता मेलेले केस बोटांनी उपटतात, कारण कापले की केस मऊ आणि फिके होत जातात. कुंपणात, बिळात घुसणाऱ्या कुत्र्याला राठ केसच हवेत.

आणि शेवटी चाल. माझ्या मते परीक्षणाचा गाभा इथेच आहे. उभं असलेलं कुत्रं हँडलर 'मांडू' शकतो, दुडक्या चालीत ते जमत नाही. जज आधी कुत्र्याला सरळ लांब पाठवतात आणि परत बोलावतात. जाताना मागचे पाय दिसतात: हॉक एकमेकांकडे झुकतात का, पाय सरळ रेषेत पडतात का. येताना पुढचे: कोपर बाहेर निघतं का, पंजे एकमेकांवर चढतात का. वेग वाढला की निरोगी कुत्र्याचे पाय हळूहळू मधल्या रेषेकडे झुकतात, तो दोष नाही. नवीन बघणाऱ्यांची इथे बरेचदा फसगत होते. मग गोल फेरी, म्हणजे बाजूनं चाल. पुढचा पाय किती पुढे पोचतो, मागचा किती जोरात ढकलतो आणि त्या वेळी पाठ स्थिर राहते का. खांदा उभा असेल तर पाऊल आखूड पडतं आणि कुत्रं तेवढंच अंतर जास्त पावलांत कापतं. मघाशी हातांना जे जाणवलं ते आता डोळ्यांना पटलं पाहिजे.

जातीजातीची चाल निराळी, हेही लक्षात ठेवा. मिनिएचर पिन्शर पुढचे पाय उंच उचलतो, पेकिनीज किंचित डोलत सावकाश चालतो, आणि स्टँडर्डनुसार ते बरोबर आहे. त्यामुळे 'सगळ्यात झोकात पळालं ते जिंकलं पाहिजे' हे गणित चालत नाही.

खडूफळा

पाऊलखूण, प्रतिसाद जपून ठेवला.

उंची खरंच मोजतात का, की अंदाजानं?

कुंपणकाठी

बहुतेक वेळा नजरेनं, पण शंका आली तर जज मोजपट्टी मागवतात. एकेसीमध्ये बीगलच्या दोन उपजाती आहेत, १३ इंचांपर्यंतचे आणि १३ ते १५ इंचांमधले. पंधरा ओलांडली की बाद. एफसीआयमध्ये डॅक्सहुंडचा आकार छातीच्या घेरावरून ठरतो, कारण हे कुत्रं बिळात शिरण्यासाठी तयार झालं आणि बिळात उंचीपेक्षा छातीच अडते. स्टँडर्डमधल्या अशा आकड्यांमागे बहुधा एखादं काम असतं. ते काम माहीत असलं की स्टँडर्ड पाठ करावं लागत नाही.

निळाई

आणि चॅम्पियन म्हणजे नक्की काय? प्रत्येक दुसऱ्या पिल्लाच्या जाहिरातीत 'चॅम्पियन वंश' असतो.

कुंपणकाठी

एका दिवसाच्या विजयानं कोणी चॅम्पियन होत नाही. अमेरिकेत १५ गुण लागतात. एका शोमध्ये जास्तीत जास्त पाच मिळतात. किती मिळणार हे त्या दिवशी त्या जातीची किती कुत्री हरवली आणि तो भाग कुठला यावर ठरतं. शिवाय दोन विजय 'मेजर', म्हणजे तीन किंवा जास्त गुणांचे, आणि तेही वेगवेगळ्या जजच्या हातून हवेत. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या जजकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे जातीतल्या सर्वोत्तम नराला किंवा मादीला मिळणारी प्रमाणपत्रं, मिळवावी लागतात. एफसीआयचा आंतरराष्ट्रीय सौंदर्य चॅम्पियन व्हायला तीन देशांत तीन जजच्या हातून चार सीएसीआयबी, म्हणजे एफसीआयच्या आंतरराष्ट्रीय शोमध्ये मिळणारी प्रमाणपत्रं, आणि पहिल्या-शेवटच्यात निदान एक वर्ष एक दिवसाचं अंतर. सगळीकडे तत्त्व एकच, एका माणसाची आवड पुरेशी धरायची नाही.

जाहिरातीतल्या 'चॅम्पियन वंशा'बद्दल मात्र सावध राहा. पणजोबा चॅम्पियन असले तर पिल्लाच्या अंगात त्यांचा आठवा हिस्सा उरतो. आई आणि बाप कोण आहेत, कोणाच्या हाताखाली जिंकलेत आणि त्यांच्या तपासण्या झाल्यात का, हे विचारा.

सडेतोड

वर सगळं छान लिहिलंय, पण एक बाजू कोणीच मांडत नाहीये. रिंगणात ओळखीचे चेहरे जिंकतात. मोठा व्यावसायिक हँडलर दोरीच्या टोकाला असला की जज कुत्र्याकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टेरियर ग्रुपचं वर्चस्व बघा. वेस्टमिन्स्टरला वायर फॉक्स टेरियर पंधरा वेळा बेस्ट इन शो झालाय, आणि घराघरांत असलेल्या लॅब्राडोरला तो मान एकदाही मिळालेला नाही. इतकी वर्षं एकही लॅब्राडोर आदर्शाच्या जवळ नव्हता?

आणि त्याहून मोठं दुखणं म्हणजे ज्यांना धड श्वास घेता येत नाही अशा कुत्र्यांना फिती बांधल्या जातात. मला याचा मनापासून राग येतो.

पाऊलखूण

सडेतोड, तुमचा राग मला परका नाही. नावाजलेल्या हँडलरपुढे चांगलं कुत्रं मागे पडलेलं मीही बघितलंय, आणि त्या कुत्र्याच्या मालकाचं काय होतं तेही. नियम आहेत. जजना आधी कॅटलॉग, म्हणजे कुत्र्यांची आणि मालकांची नावं असलेली यादी, बघायची परवानगी नसते. एफसीआयमध्ये गेल्या सहा महिन्यांत स्वतःच्या मालकीचं असलेलं, सांभाळलेलं किंवा विकलेलं कुत्रं जजच्या रिंगणात आणता येत नाही. वेस्टमिन्स्टरला बेस्ट इन शोचे जज ग्रुपचे निकाल कळू नयेत म्हणून वेगळे ठेवले जातात. पण छोट्या जातींच्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे नियम कुठवर पुरणार?

यावर मला सगळ्यात विश्वासाचा उपाय वाटतो तो लेखी शेऱ्याचा. एफसीआयच्या शोमध्ये जज प्रत्येक कुत्र्याला आधी श्रेणी देतात: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, सफिशियंट किंवा बाद. क्रमांक नंतर. आणि श्रेणी का दिली ते बोलून लिहून घेतलं जातं. 'डोकं उत्तम, छाती खोल, खांदा थोडा उभा असल्यानं पुढचं पाऊल आखूड, मागून चाल सरळ, स्वभाव खुला.' असा कागद हातात आला की हरलेल्या माणसालाही काहीतरी मिळतं, आणि जजनाही आपला निकाल शब्दांत पेलावा लागतो. वर्गात एकटंच कुत्रं असलं तरी त्याला 'गुड' मिळू शकतं. एकटं आहे म्हणून पहिलं येईल, एक्सलंट होईलच असं नाही. हे लिहायला वेळ लागतो, म्हणून ताशी साधारण २० कुत्र्यांची मर्यादा असते. अमेरिकेत शेरे देत नाहीत, तिथे जज ताशी २५ कुत्री बघतात. तुम्ही चेहरा बघून निकाल म्हणता, त्याला अमेरिकी पद्धतीत जास्त वाव आहे असं माझं मत आहे.

लॅब्राडोरबद्दल: ग्रुप आणि बेस्ट इन शोला थाटामाटाची, चमकदार कुत्री नजरेत भरतात. टेरियरचा ताठा, पूडलचा डौल. शांत, मध्यम, कामाच्या बांध्याचं कुत्रं तिथे मागे पडतं. ही पद्धतीतली उणीवच आहे. अपवाद घडतात, २००९ मध्ये स्टम्प नावाचा दहा वर्षांचा ससेक्स स्पॅनियल वेस्टमिन्स्टर जिंकला. तितक्या वयाचं दुसरं कुत्रं तिथे कधी जिंकलेलं नाही.

नाडीपरीक्षा

मी पशुवैद्य आहे. सडेतोड यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहितो, कारण तो या धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं काय होतं ते समजून घ्या. कवटीची हाडं आखूड होतात, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात आखूड होत नाहीत. टाळूचा मागचा भाग लांब राहून श्वासमार्गात लोंबतो, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. कुत्री जिभेवाटे आणि नाकावाटे शरीर थंड करतात, त्यामुळे उकाड्यात ती अक्षरशः जिवाच्या आकांतानं श्वास घेत असतात. हे एका रात्रीत झालं नाही आणि कोणी क्रूरपणे ठरवूनही केलं नाही. स्टँडर्डमध्ये 'आखूड मुस्कट' लिहिलेलं. एका जजनं दोघांतलं थोडं आखूड निवडलं. त्या नराकडे माद्या आल्या, कारण जिंकलेल्या नराची पिल्लं सगळ्यांना हवी असतात. पुढच्या पिढीत आणखी थोडं आखूड. किती आखूड म्हणजे पुरे, हे लिहिलेलं नसेल तर दर पिढीत टोकाचंच जिंकत राहतं. पाठीच्या उताराचं, चेहऱ्याच्या सुरकुत्यांचं, लोंबत्या पापण्यांचं हेच झालं. जजचं बोट पुढच्या शेकडो पिल्लांच्या शरीरापर्यंत पोचतं, हे कुंपणकाठी यांनी वर लिहिलेल्या हेतूतच आहे.

२००८ मध्ये बीबीसीवर या प्रश्नावर माहितीपट आला आणि मोठी खळबळ उडाली. बीबीसीनं २००९ पासून क्रफ्ट्सचं प्रक्षेपण थांबवलं. केनेल क्लबनं त्याच वर्षी अनेक स्टँडर्डमध्ये बदल केले आणि बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडं अशा संकरातल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. २०१२ च्या क्रफ्ट्सला १५ जातींच्या बेस्ट ऑफ ब्रीड विजेत्यांना ग्रुपमध्ये जाण्याआधी स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासून घेणं सक्तीचं झालं. सहा जातींचे विजेते नापास झाले: बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड, क्लंबर स्पॅनियल, मॅस्टिफ आणि नेपोलिटन मॅस्टिफ. मालक संतापले, काही जज दुखावले. माझ्या मते तो दिवस शोच्या इतिहासातला सगळ्यात उपयोगी दिवस होता, कारण जजनी निवडलेलं कुत्रं आजारी असू शकतं हे भर सभेत कबूल झालं. नेदरलँड्समध्ये तर मुस्कट किती आखूड असलं की पैदास करायची नाही याचे निकष २०१९ मध्ये सरकारनंच घालून दिले.

दुसरी बाजूही सांगतो. सगळ्यात घातक आजार रिंगणात दिसतच नाहीत. डॉबरमनला हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. तो असलेलं कुत्रं सुंदर चालतं, बक्षीस घेतं, आणि एक दिवस अचानक कोसळतं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या हृदयाच्या झडपांचं तसंच. नितंबाच्या सांध्याचा दोष एक्स-रेशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. तिथे जजना दोष देऊन काय उपयोग? म्हणून फितीबरोबर हृदयाची सोनोग्राफी, होल्टर (अंगावर लावून २४ तास हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र), सांध्यांचे एक्स-रे आणि जनुकीय चाचण्यांचे कागदही ब्रीडरकडे मागायला हवेत.

पाऊलखूण

डॉबरमनच्या हृदयाबद्दल शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या एका मादीला होल्टर लावला त्या रात्री झोप आली नव्हती.

डाल्मेशियनचं उदाहरण पण लिहा ना. लोकांना ते कळायला हवं.

नाडीपरीक्षा

हो, लिहितो. सगळ्या जातिवंत डाल्मेशियनमध्ये एक जनुकीय दोष पक्का बसला होता. त्यामुळे लघवीत यूरिक अॅसिडचं प्रमाण फार जास्त राहायचं आणि मूतखडे व्हायचे, नरांमध्ये ते मार्गात अडकून जीव जायचा. जातीतलं एकही कुत्रं त्यातून सुटलेलं नव्हतं, त्यामुळे जातीच्या आत कितीही निवड केली तरी सुटका नव्हती. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी एका पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच वापरला. काही पिढ्यांत दिसायला डाल्मेशियन आणि निरोगी लघवी असलेली कुत्री तयार झाली. एकेसीनं १९८१ मध्ये त्यातल्या दोघांची नोंद केली, जातीच्या क्लबनं विरोध केला आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं २०११ मध्ये. मधल्या तीस वर्षांत किती कुत्र्यांनी वेदना सोसल्या असतील याचा विचार केला की मन विषण्ण होतं. वंशावळीची शुद्धता हे साधन आहे. कुत्र्याच्या जिवापेक्षा ते वर ठेवलं की असं होतं.

मेंढवाडा

कामाच्या कुत्र्यांच्या बाजूनं थोडं. मी बॉर्डर कोलींबरोबर काम केलंय. मेंढ्या वळवणाऱ्या माणसाला कुत्र्याचे कान उभे की आडवे यानं काही फरक पडत नाही. नजर, अंदाज आणि दिवसभर टिकणारं शरीर हवं. एकेसीनं १९९५ मध्ये बॉर्डर कोलीला पूर्ण मान्यता दिली तेव्हा कामाच्या कुत्र्यांच्या लोकांनी कडाडून विरोध केला होता, तो याच भीतीनं. आता शोमधली कोली आणि रानातली कोली शेजारी उभी केली तर फरक नवख्यालाही कळतो. लॅब्राडोरचंही तेच, शोचा जाडजूड, कामाचा सडपातळ.

ब्रिटनमधली एक पद्धत मला रास्त वाटते. बंदुकीबरोबर काम करणाऱ्या जातीचं कुत्रं फक्त रिंगणात जिंकलं तर त्याला 'शो चॅम्पियन' म्हणतात. नुसतं 'चॅम्पियन' व्हायचं तर मैदानातही पात्रता दाखवावी लागते. एफसीआयमध्येही अशा जातींना आंतरराष्ट्रीय सौंदर्य चॅम्पियन होण्यासाठी कामाची परीक्षा द्यावी लागते. ही अट प्रत्येक कामकरी जातीला सगळीकडे लावावी असं माझं ठाम मत आहे.

सडेतोड

नाडीपरीक्षा, मेंढवाडा, आभार. २०१२ च्या तपासणीबद्दल मला माहीत नव्हतं. राग कमी झालेला नाही, पण तो आता कुठे मांडायचा ते कळलं: स्टँडर्डच्या शब्दांवर आणि तपासणीच्या सक्तीवर.

रानवारा

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शेवटचे प्रश्न. शो प्रत्यक्ष बघायला गेलो तर कुठे बसू? आणि बहिणीकडे चार महिन्यांचं नोंदणीकृत बीगल आहे, तिला त्याला रिंगणात उतरवायचंय. सुरुवात कुठून करायची?

पाऊलखूण

बसायला सकाळचं ब्रीडचं रिंगण निवडा, मुख्य मंचाकडे नंतर जा. जिथे कुत्री सरळ जातात आणि परत येतात त्या रेषेच्या टोकाला जागा मिळाली तर जजना जे दिसतं तेच तुम्हालाही दिसेल. एकच जात निवडा, स्टँडर्ड आधी वाचून जा आणि जजनी नंबर लावायच्या आधी स्वतःचे लावून ठेवा. ज्यांच्या हातात कुत्रं आहे त्यांना रिंगणात जाण्याआधी बोलवू नका, बाहेर आल्यावर ती माणसं आनंदानं बोलतात. आणि परवानगीशिवाय कुत्र्याला हात लावू नका, तास-तास घालवून ते विंचरलेलं असतं.

बीगलसाठी: नेहमीचे वर्ग सहा महिन्यांपासून असतात, बऱ्याच ठिकाणी त्याहून लहान पिल्लांसाठीही वर्ग असतो. तोवर तीन गोष्टी रोज, थोड्या थोड्या वेळ. टेबलावर शांत उभं राहणं, अनोळखी माणसानं ओठ वर करून दात बघणं, आणि सैल दोरीवर डाव्या बाजूला एकसारख्या वेगानं दुडकणं. दोरी ताणली की पुढचे पाय उचलले जातात आणि चाल बिघडलेली दिसते. खाऊ देताना पिल्लाला बसायला शिकवू नका, उभं असतानाच द्या, नाहीतर रिंगणात जज समोर आले की ते टुणकन बसेल. नर असेल तर दोन्ही वृषणं उतरलीत का ते पशुवैद्याला विचारा. बहीण वयानं लहान असेल तर ज्युनिअर हँडलिंगचा वर्गही आहे. त्यात कुत्र्याचं रूप बघत नाहीत, मूल कुत्र्याला कसं सांभाळतं आणि दाखवतं ते बघतात.

प्रवेश अर्जातली नावं, नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख दोनदा तपासा, चुकीच्या वर्गात नोंद झाली तर जिंकलेलं बक्षीसही रद्द होतं.